उताणी चिंगी

चटणीच्या डब्याएवढा प्लॅस्टिकचा डबा. तळाशी चार बोटं नारळाचा भुसा, कडेला सालीच्या तुकड्याचा आडोसा आणि पाण्यासाठी बाटलीचं बूच. त्यात चिंगी राहते. पाय पसरून बसली तरी रुपयाच्या नाण्यावर मावेल. जात टॅरंटुला, मूळ मुलूख होंडुरास-निकाराग्वाकडचा. मोठेपणी अंगभर कुरळे केस येतात. सध्या नुसती लव आहे, तान्ह्या बाळाच्या कानावर असते तशी. मादी असली तर वीस वर्षंही जगेल, म्हणजे माझ्या सत्तरीपर्यंत मला सोबत.

माझी लेक मुक्ता एका सत्रासाठी स्पेनला शिकायला गेली आणि जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली. आठवड्यातून दोनदा खाणं, पाणी रोज बघ, उगाच डबा उघडू नकोस. खाणं म्हणजे मेलेल्या रातकिड्याची तंगडी. संकष्टीला एकीकडे साबुदाणा भिजत घालायचा आणि दुसरीकडे चिमट्यात तंगडी धरायची, हे साताऱ्याला आईला अजून सांगितलेलं नाही.

जानेवारी सरता सरता चिंगीने खाणं सोडलं. शिकागोकडचा हिवाळा. घरात हीटर रात्रंदिवस चालू, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तंगडी टाकली तशीच सकाळी पडलेली. चिंगी कोपऱ्यात एका जागी. लहानपणी मी जेवले नाही की आई आधी कपाळाला हात लावून बघायची, मग पोटावर हिंगाचं पाणी, मग मऊ भात. हिच्या कपाळाला हात लावायचा तर कपाळ कुठलं? आठ डोळे, तेही डोक्यावर मोहरीच्या दाण्याएवढ्या उंचवट्यावर दाटीवाटीने बसवलेले.

मग मी एक आगाऊपणा केला. शिळं नको असेल म्हणून जिवंत रातकिडा सोडला आणि झोपले. सकाळी रातकिडा तिच्या पाठीवरून खुशाल फिरत होता आणि ती अंग चोरून बसली होती. मुक्ताला फोन लावला.

"आई, आधी तो किडा काढ. पोटाचा रंग कसाय?"

"काळपट. चकाकतंय."

"कात टाकणार आहे ती. अंग मऊ झालं की तो किडाच तिला कुरतडेल. काढलास?"

"काढते गं."

"आणि आता काही करू नकोस. बूच भरून ठेव फक्त."

काही करू नकोस. आमच्या घरात आजाऱ्याच्या उशाशी कुणी ना कुणी बसलेलं असायचं, आणि बसलेल्या माणसाचे हात चाललेले असायचे. इथे माझ्या हातांना कामच नाही. दिवसातून दहा वेळा डब्याशी जायचं, वाकून पाय बघायचे आणि परत यायचं.

पाय बघायचे, कारण मुक्ताने ते समजावून सांगितलं होतं. कोळ्याला पाय मुडपायला स्नायू असतात, पण पायाच्या मुख्य सांध्यांत ताठ करायला नसतात. अंगातलं द्रव दाबाने पायांत लोटून तो ते पसरतो. पाणी कमी पडलं, जीव निघत आला, की दाब ओसरतो आणि आठही पाय पोटाखाली मुठीसारखे मिटतात. म्हणजे पालथा बसून मूठ मिटलेली दिसली तर घाबरायचं. उताणा दिसला तर नाही. झुरळ उताणं दिसलं की केरसुणी उचलायची, एवढंच आमचं आजवरचं प्राणिशास्त्र. उताणी टॅरंटुला मेली समजून फेकून देणारे नवखे लोक असतात म्हणे. मुक्ताने सांगितलं नसतं तर मीही त्यांतलीच.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे चहा टाकायला उठले तर चिंगी उताणी. खाली स्वतःच विणलेली पातळ पांढरी गादी, पाय वर पसरलेले. चहा उतू गेला. तसाच जाऊ दिला.

आधी पाठीकडचं कवच झाकणासारखं सुटलं. मग कुशीला चीर गेली आणि आतून फिकट, जवळजवळ पारदर्शक काहीतरी दिसायला लागलं. मग पाय. ओला चुडीदार पायातून सोलावा लागतो ना, तसे, पण आठ. थोडं ओढायचं, थांबायचं. थांबली की मी डब्याच्या बाहेर श्वास धरून. एक पाय बराच वेळ अडकला. हाताशी चिमटा होता. मी दोन्ही हात पदराखाली घ्यावेत तसे गाऊनच्या खिशांत घातले आणि तिथेच ठेवले.

तासाभराने ती कुशीवर वळली. नवे दात दुधासारखे पांढरे होते. ते लाल होतील, मग काळे, आणि तोवर तिला काही खायला द्यायचं नाही.

टाकलेली कात दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचलली. कांद्याच्या पापुद्र्याहून हलकी, पण नखांसकट, लवेसकट पुरी चिंगी. आतल्या बाजूला चार पांढरे ठिपके होते. मुक्ता म्हणाली, ती फुप्फुसांची अस्तरं. श्वास घ्यायची जागासुद्धा हिला नवी करून घ्यावी लागते. कात मी कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवली.

संध्याकाळी साताऱ्याहून आईचा फोन आला. "मुक्ता नीट जेवते का गं तिकडे?" मी म्हटलं, जेवत असेल. आणि बोलता बोलता बूच भरून डब्यात ठेवलं.