तीन कॅमेरे, एक वाट

विद्यार्थिमित्रहो, मागील बाकावरून परीक्षानळीतील रंग दिसत नाही, ही तुमची तक्रार जुनी व रास्तही होती. म्हणून गेल्या वर्षी आम्ही तीन वेबकॅमेरे आणविले. एक फळ्यासाठी, एक आमच्या हातांसाठी व एक तापमापकासाठी. शाळेचा संगणक लिनक्सवर चालतो. तिन्ही तारा एका यूएसबी हबात खोवून आम्ही चित्रण आरंभिले. पहिल्याचे चित्र उमटले. दुसरा सुरू करताच पडद्यावर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी अक्षरे उभी राहिली.

जागा उरली नाही म्हणजे हार्ड डिस्क भरली, असे आम्ही ठरविले आणि जुनी चित्रणे पुसावयास बसलो. दोन वर्षांच्या वक्तृत्वस्पर्धा त्यांत गेल्या. दुसरा कॅमेरा तरीही ढिम्म.

जागा डिस्कवरची नव्हतीच. ती वाटेवरची होती. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यास होड्या जातात. एखादा उतारू एकटाच असून निम्म्याहून अधिक होडी राखून ठेवील, तर मागच्याने काय करावे? चित्र वेळेवर पोहोचावे म्हणून कॅमेरा आपला वाटा असाच आगाऊ राखून घेतो. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे न दाबलेले चित्र सेकंदास ३० वेळा पाठविण्यास सुमारे १४७ मेगाबिट लागतात. परंतु कॅमेरा पुष्कळदा १९६ पर्यंत मागतो. दोघांचे ३९२ झाले. यूएसबी २.० ची वाट ४८० मेगाबिटांची, आणि अशा राखीव वाहतुकीस तिचे ८० टक्के, म्हणजे ३८४ च मिळतात. हबाने खाचा वाढतात, वाट नव्हे. धक्क्यास पायऱ्या वाढविल्याने होडी थोडीच मोठी होते!

‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा ‘टी’ या पर्यायासह दिली, तेव्हा सर्व खाचा एकाच कंट्रोलरच्या फांदीवर असल्याचे दिसले. दोन कॅमेरे दाबलेल्या, म्हणजे एमजेपीईजी, चित्रावर आणिले. तिसरा तरीही पूर्ण वाटा मागे. त्याच्यासाठी निराळे यूएसबी कार्ड बसविले. संगणक पुन्हा सुरू केला की क्रमांक बदलत व फळ्याच्या जागी तापमापक दिसे. क्रमांकाऐवजी खाचेच्या पत्त्याने हाक मारू लागलो, तेव्हा तेही थांबले.

पुढे एक पालक आपल्या मुलीचे भाषण मागावयास आले. मुलगी आता मुंबईस शिकते. आम्ही त्यांस घडले ते सांगितले. क्षणभर थांबून ते म्हणाले, “कागद घरात आसा, सर.” दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आणून दिला. चार घड्या पडलेला तो कागद आमच्या मेजाच्या खणात आहे.