काजळीची मोजदाद

भिवंडीत सायझिंगच्या चिमण्यांजवळ राहणाऱ्यांना काजळी काय असते हे सांगावं लागत नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर ती रोज दिसते. पण ती आतून कशी असते, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते भाचीच्या एमएस्सीच्या अभ्यासात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काजळी भुकटीसारखी दिसत नाही. साधारण २० ते ५० नॅनोमीटरचे गोल मणी एकमेकांना चिकटून माळा झालेल्या दिसतात. आणखी मोठं करून पाहिलं की मण्यात कांद्यासारखे पापुद्रे. ग्राफाइटमध्ये हे थर ०.३३५ नॅनोमीटर अंतरावर, शिस्तीत असतात. काजळीत जरा दूर आणि वाकडेतिकडे. थरांची लांबी आणि वाकडेपणा मोजला की कार्बनची जात कळते.

मोजतो संगणक. पण छायाचित्रातला कोणता करडा रंग मण्याचा आणि कोणता मागच्या पडद्याचा, ही रेघ माणूसच आखतो. रेघ सरकली की व्यास बदलतो. एकावर एक आलेले दोन मणी संगणक एकच धरतो.

"मग खरं काय?" मी विचारलं.

"मामू, नाना भिंगानं कापडाचे धागे कसे मोजायचे?"

थानाच्या चार ठिकाणी मोजल्याशिवाय अब्बा आकडा सांगत नसत. इथंही तसंच: अनेक छायाचित्रं, शेकडो मणी.

कपड्यावरची काजळी धुता येते. हवेतल्या बारीक माळा मात्र श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात. त्यांच्याविरुद्ध बोलायचं, तर एका ठसठशीत छायाचित्रावर भागणार नाही. मोजणीच पक्की हवी.