पडद्यावरचं तळं

सावेडी, नगर

चि. बंड्यास,


तू ऑस्ट्रियातल्या ग्राट्सहून पाठवलेले सगळे फोटो टीव्हीवर लावून पाहिले. मामी म्हणाली, "छान आहेत, पण इतका बर्फ कशाला?" दिवाळीत नगरला येशील तेव्हा प्रदर्शन लावायचं, हे चांगलंच आहे. निवड तुझी तूच कर. पण डोंगर-तळ्यांचे फोटो एका भिंतीवर आणि माणसांचे समोरच्या भिंतीवर, हा बेत काही मला पटला नाही. का ते सांगतो. पत्र लांबेल.

आपल्या फोटो स्टुडिओतला पडदा तुला आठवत असेल. निळंशार तळं, मागे हिमशिखरं, कडेला दोन हंस. पाथर्डी-शेवगावकडची नवी जोडपी ऊसतोडीला निघण्याआधी त्या पडद्यापुढे उभी राहायची. नवऱ्याच्या डोक्यावर फेटा, नवरीचा पदर डोक्यावर आणि पाठीमागे आल्प्स. हे तळं कुठलं, असं मला कधी कोणी विचारलं नाही. रंगवणाऱ्यानेसुद्धा ते कॅलेंडरवरच पाहिलेलं. तेव्हा युरोपचा डोंगर नगरच्या माणसाला नवा नाही, त्याने त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतलाय. त्या डोंगरात राहतं कोण, खातं काय, दुपारी झोपतं की नाही, हे मात्र त्याला ठाऊक नाही.

माणूस परक्या देखाव्यापुढे उभा करण्याचा हा प्रयोग गोऱ्यांनीही आपल्यावर केलेला आहे. विल्यम जॉन्सनने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली, लंडनमध्ये. त्या काळी काचेवर कोलोडियन ओतायचं आणि ते ओलं असतानाच फोटो घेऊन काच धुवायची, अशी घाई असे. म्हणून माणसं स्टुडिओत उभी केली, त्यांच्या आकृत्या वेगळ्या काढून मुंबईच्या देखाव्यांवर बसवल्या आणि छापल्या. त्याच्या कामाची सफाई पाहून मी आजही चकित होतो. पण त्यातला माणूस त्या जागी कधी उभाच नव्हता, आणि खाली नाव त्याचं नाही, जातीचं. पुढे १९५५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'द फॅमिली ऑफ मॅन' भरलं. ६८ देशांतले ५०३ फोटो. ते जगभर फिरलं. सारी माणसं एक, हे सांगण्याचा हेतू उदात्त, पण तिथेही फोटोखाली देश आणि फोटोग्राफर एवढंच.

तुझ्या दोन भिंती म्हणजे माणसाला त्याच्या जागेपासून तोडणारी तीच कात्री.

आता ही कात्री न चालवणाऱ्या, तुझ्या ग्राट्समध्येच शिकलेल्या एका माणसाचं सांगतो. हाइनरिख हारर तुझ्याच गावच्या विद्यापीठात भूगोल शिकला. १९३८ साली आयगर शिखराची उत्तर भिंत पहिल्यांदा चढून जाणाऱ्या चौघांतला तो एक. पुढच्या वर्षी नंगा पर्वताची पाहणी करायला आला आणि परतीच्या बोटीची वाट पाहत कराचीत असताना महायुद्ध सुरू झालं. इंग्रजांनी पकडून त्याला पाठवलं कुठे, तर आपल्या नगरच्या छावणीत! इथून देवळाली, मग डेहराडून. पहिल्या महायुद्धातही नगरला जर्मन कैद्यांची छावणी होती, १९१७ साली रेडक्रॉसचे लोक ती तपासून गेले होते. १९४२ साली नेहरू, पटेल, आझाद किल्ल्यात आले, तेवढं आपण शाळेत शिकतो. तारेमागच्या या गोऱ्यांबद्दल कोणी शिकवत नाही.

एप्रिल १९४४ मध्ये हारर डेहराडूनहून निसटला आणि पीटर आउफश्नायटरबरोबर तिबेटात शिरला. जानेवारी १९४६ मध्ये दोघं ल्हासाला पोचले ते फाटक्या अंगाने, कफल्लक होऊन. त्सारोंग नावाच्या बड्या सरदाराने घरात ठेवून घेतलं. हारर तिबेटी बोलायला शिकला. दोघांनी शहराचा नकाशा केला. कोवळ्या दलाई लामांसाठी हाररने सिनेमाची खोली बांधली, तिचा जनरेटर जुन्या जीपच्या इंजिनावर चालायचा. त्याने काढलेले फोटो 'लॉस्ट ल्हासा' या पुस्तकात आहेत, मिळालं तर बघ. तिथली माणसं कॅमेऱ्यापुढे अवघडून उभी नाहीत. ज्याच्या घरी रोज जेवतो त्याला कोण घाबरतो? मागे पोटाला नावाचा राजवाडा दिसतो तोही देखावा म्हणून नाही, त्या माणसांचं गाव म्हणून. १९५० साली चिनी फौजा आल्या, हारर निघाला. ल्हासाच्या वेशीवरचा स्तूप साठच्या दशकात पाडला गेला. आपल्याच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथे जन्मलेल्या पोरांना आजोबांचं गाव अशा फोटोंतच बघावं लागतं.

हाररला संत मात्र करू नकोस. १९३८ साली तो नाझींच्या एसएसमध्ये होता आणि आयगर चढल्यावर हिटलरशेजारी उभा राहून फोटोही काढून घेतलेला. हे जगाला कळलं १९९७ साली, एका जर्मन साप्ताहिकाने छापल्यावर. दलाई लामांनी मैत्री तोडली नाही, तो त्यांचा मोठेपणा. पण फोटो काढणारा कोण, कुठून आला, हेही प्रेक्षकाला कळलं पाहिजे. तेव्हा दारातच स्वतःबद्दल चार ओळी लाव. कंपनीच्या नोकरीवर तिकडे गेलास, जर्मन मोडकंतोडकं येतं, फोटो शनिवार-रविवारचे, असं सरळ लिही.

आता फोटोंकडे वळतो. उतरणीवर विळ्यासारख्या लांब पात्याने गवत कापणारी ती म्हातारी पहिल्या भिंतीवर हवी, आणि तिच्या शेजारी तीच उतरण, दुरून. तिचं नाव, गाव, वय, तिची परवानगी घेऊन खाली लिही. नाव विचारलं नसशील तर पुन्हा जा. गोठ्यातल्या तांबड्या-पांढऱ्या गायींचा फोटो तू शेवटी टाकलास, तो पुढे आण. संगमनेर-राहुरीकडचा माणूस त्याच्यापुढे सर्वांत जास्त वेळ थांबणार. आपल्याकडेही गोठ्यागोठ्यात संकरित गाय आहे, तो आधी कास बघेल, मग गव्हाण, आणि मग तुला विचारेल, दिवसाला दूध किती, भाव काय, हिवाळ्यात वैरण कुठून. उत्तरं तयार ठेव. हिरव्या कुरणापुढे विचारतील, पाऊस किती. आपल्याकडे वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पडला तरी पुष्कळ, त्यामुळे हा प्रश्न कुतूहलाचा नसतो. तिकडचा आकडा खाली छापूनच टाक.

तळ्यात शिखर उलटं दिसतं तो फोटो तुझा लाडका आहे, कळलं मला. उजेड उत्तम पकडलायस. तरीही काढून टाक, तो माझ्या पडद्यावर होता.

छपाई मॅट कागदावर कर आणि फ्रेमला काच लावू नकोस, हॉलमधल्या ट्यूबलाइटी काचेत दिसतात. मथळे दसऱ्याच्या आत पाठव, शुद्धलेखन मी तपासतो. अरणगावला मेहेराबादेत मेहेरबाबांच्या समाधीच्या आतल्या भिंती हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८ मध्ये रंगवल्या आहेत. आलास की तिथे जाऊ, पण प्रदर्शन उरकल्यावर.

तुझा,
मामा