'खरं लिहू का, काका?'

बारावीचा निकाल लागला की दुपारपासून माझा व्हॉट्सअ‍ॅप भरून जातो. शाळा-कॉलेजांच्या प्रेसनोट, पेढा भरवतानाचे फोटो आणि वर मथळा, 'उज्ज्वल निकालाची परंपरा कायम'. अठरा-वीस वर्षं उमरखेडात पत्रकारिता करतोय, त्यात या बातमीचा साचा काही बदलला नाही. विद्यार्थ्याच्या वाट्याला शेवटचं एकच वाक्य येतं: 'यशाचे श्रेय तो आई-वडील व गुरुजनांना देतो.' संपलं. ज्या वर्गांत एवढी वर्षं काढली त्यांच्याबद्दल त्या पोराचं मत काय, ते कुणी विचारत नाही. आणि जो पहिला आला नाही, त्याला तर तेवढंही वाक्य मिळत नाही.

मत मात्र प्रत्येकाला असतं, आणि पक्कं असतं. ते ऐकायचं तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून उपयोग नाही, बसस्थानकावर बसावं लागतं. ढाणकी, बिटरगाव, विडूळ, मुळावा, पोफाळी, सगळीकडची पोरं तिथंच उतरतात आणि तिथंच गाडीची वाट बघतात. यंदाच्या हिवाळ्यात जमेल तसा मी तिथं बसत गेलो आणि पोरापोरींना एकच विचारलं, 'तुझं कॉलेज कसं आहे?'

कॉलेजांची नावं मी घेणार नाही, पोरांचीही नाही. एकाचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी 'आपण वाचलो' म्हणायचं, असा हा विषय नाही.

बंदी भागातला एक मुलगा बी.ए.ला आहे. बंदी भाग म्हणजे आपल्या तालुक्यातली पैनगंगा अभयारण्याकडची गावं. तिथल्या रस्त्यांबद्दल नव्यानं सांगायची गरज नाही. तो म्हणाला, 'पहिला तास साडेसातचा. आमची गाडी पोचते नऊला. हजेरी घेतेत पहिल्याच तासाला. मी रोज येतो, तीन-तीन तास बसतो दादा, पण कागदावर गैरहजर.' पंच्याहत्तर टक्के उपस्थितीचा नियम त्याला तोंडपाठ आहे. वर्षाच्या शेवटी 'तुम्ही येतच नाही' म्हणून सही अडते. गाडीचं वेळापत्रक आणि कॉलेजचं वेळापत्रक एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघावं, असं आजवर कुणालाच वाटलं नाही.

दुसरा अकरावी सायन्सचा. प्रवेश इकडं, क्लास नांदेडला, राहायला तिकडंच खोली. त्याचं उत्तर एका वाक्यात आलं: 'कॉलेज म्हणजे प्रॅक्टिकलचे मार्क मिळायची जागा.' आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. बँकेबद्दल बोलावं तसं तो कॉलेजबद्दल बोलत होता. बापानं दोन्हीकडं पैसे भरलेत, शिकवणीचे आणि कॉलेजचे.

तिसरी बी.कॉम.ची मुलगी. तिच्या एका विषयाला दोन वर्षांत तीन सर झाले. तासिका तत्त्वावरचे. 'सर चांगलेच होते हो, तिघंही. पण आमची नावं पाठ होईपर्यंत सर बदलतेत.'

हे तिचं वाक्य मी पाठ करून ठेवलंय. कारण नंतर ज्याच्या-त्याच्या बोलण्यात हीच गोष्ट फिरून आली. इमारतीबद्दल फारसं कुणी बोललं नाही. स्मार्ट बोर्डबद्दल एकच जण बोलला, तोही हसत: 'त्याचा रिमोट ऑफिसात कुलपात असतो.' पण सर नावानं हाक मारतात का, चार दिवस नाही आलो तर कुणी विचारतं का, यावर सगळे भरभरून बोलले. तांड्यावरची एक पोरगी म्हणाली, 'झेडपीचे गुरुजी घरी यायचे. आई-बाप उसाला गेले की आजीला सांगायचे, हिला पाठवा. इथं मी महिनाभर नाही आले तर माहीतबी होणार नाही.' दोन खोल्यांची शाळा तिला मोठी वाटते आणि दुमजली कॉलेज लहान. आपण संस्था मोजतो खोल्या, निकाल आणि पटसंख्येनं. पोरं मोजतात ओळखीनं. त्यांचं माप चुकीचं आहे असं मला तरी म्हणता येत नाही.

आता कुणी म्हणेल, विद्यार्थ्यांना विचारण्याची सोय तर आहे. आहे ना. 2017 साली नॅकनं मूल्यांकनाची पद्धत बदलली, त्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं. कॉलेजनं विद्यार्थ्यांची यादी द्यायची, नॅक त्यांच्या ईमेलवर फॉर्म पाठवते. एकवीस प्रश्न. पहिलाच प्रश्न, वर्गात अभ्यासक्रम किती टक्के पूर्ण झाला? 85 ते 100 टक्क्यांपासून 30 टक्क्यांच्या खालपर्यंत पर्याय. मग शिक्षक तयारी करून येतात का, प्रोजेक्टर वगैरे वापरतात का, असं करत वीस प्रश्नांना पर्याय निवडायचे. एकविसावा मोकळा: सुधारणेसाठी तीन सूचना लिहा.

फॉर्म वाईट नाही. तो भरायची वेळ येते तेव्हा काय होतं, ते मी घरात पाहिलं. माझी पुतणी बाहेरगावी एका कॉलेजात होती. तिला हा मेल आला. त्याआधी वर्गात येऊन सांगून झालं होतं, 'कॉलेजची इज्जत तुमच्या हातात आहे.' ग्रुपवर भरलेल्या फॉर्मचा नमुनाही फिरत होता. ती मोबाईल घेऊन माझ्याकडं आली.

'खरं लिहू का, काका?'

मी म्हटलं, लिही की. तुलाच विचारलंय.

'मग अंतर्गत गुण तुम्ही देणार का?'

यावर मी काय बोलणार? वीस प्रश्नांना तिनं नमुन्याप्रमाणं टिक केली. एकविसाव्या प्रश्नाला मात्र थांबली, आणि तीन ओळी लिहिल्या. मुलींच्या प्रसाधनगृहात पाणी हवं. ग्रंथालय आमच्या गाडीच्या वेळेपर्यंत उघडं हवं. एका विषयाला वर्षभर एकच शिक्षक हवा. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना कुणाच्या मंजुरीची वाट बघायची गरज नव्हती. पुढं त्या तीन ओळींचं काय झालं, हे तिला कुणी कळवलं नाही. ती पदवी घेऊन बाहेर पडली.

भीतीचा भाग झाला. दुसरी अडचण 'समाधान' या शब्दातच आहे. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्याला विचारा, समाधानी आहेस का? तो हो म्हणणार. त्याची तुलना पुण्याच्या कॉलेजशी नसते, ऊसतोडीच्या फडाशी असते. ज्याला पूर्ण ताट माहीतच नाही, त्याला अर्धी भाकर दिली तरी तो ढेकर देतो. म्हणून 'आमचे विद्यार्थी समाधानी आहेत' असा आकडा कुणी दाखवला की मला आनंद होत नाही. त्यांनी काय मिळण्याची अपेक्षा केली होती, हे आधी सांगा.

बोलायच्या बाकीच्या वाटाही बघा. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद केल्या. त्याआधी निवडणुकीत हाणामाऱ्या, खूनसुद्धा झाले होते, हे खरंच आहे. 2016 च्या नव्या कायद्यानं थेट निवडणूक परत आणली, कागदावर. 2019 ला मुहूर्त ठरत आला होता, तो विधानसभा निवडणुकीसाठी पुढं ढकलला. मग कोरोना आला. मतदानाची पेटी काही आली नाही. अठरा वर्षांचा पोरगा खासदार निवडू शकतो, वर्गाचा प्रतिनिधी नाही.

2023 च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, तिच्या बैठकीला विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी बोलवायला हवा, तिनं शक्यतो पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायला हवा. तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. बसस्थानकावर मी ज्यांना-ज्यांना विचारलं, त्यातल्या एकालाही ही समिती माहीत नव्हती. आणि आपलं विद्यापीठ अमरावतीला. बंदी भागातल्या पोराची तक्रार घेऊन तिथं कोण जाणार?

शिक्षकांची बाजू न सांगता थांबणं बरोबर नाही. तासावर पैसे घेणारा माणूस सुट्टीत उपाशी असतो. दुसरीकडं काही मिळालं की तो जाणारच, त्याला दोष कसा द्यायचा? कायमची पदं भरायची नाहीत आणि नावानं ओळखणारा शिक्षक हवा म्हणायचं, हे जमत नाही. एक प्राध्यापक मित्र म्हणाला, 'वर्गात सात पोरं असतात. मी कुणाला शिकवू?' त्याचंही खरं आहे. पण त्या सातांनी आणि न आलेल्या साठांनी मिळून कॉलेजबद्दलचं मतच दिलंय. न येणं हासुद्धा अभिप्राय आहे. तो भरायला ईमेल लागत नाही, आणि त्याला नमुनाही देता येत नाही.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. संस्थाचालकांना, प्राचार्यांना माझं सांगणं साधं आहे. नॅकची वाट न बघता वर्षातून दोनदा विचारा. नाव नको, ईमेल नको, कागदाची चिठ्ठी आणि एक डबा पुरे. आलेल्या सूचना फलकावर लावा. कोणती केली, कोणती का जमली नाही, तेही खाली लिहा. आणि पहिल्या तासाची वेळ ठरवण्याआधी आगारातून गाड्यांचं वेळापत्रक मागवा. मुलींसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. बारावीपर्यंत त्यांना एसटीचा पास मोफत असतो. त्यानंतर पैसे मोजून यायचं, आणि येऊनही गैरहजरी लागायची, तर घरचे लगेच म्हणतात, 'मग कशाला जाते?' पुढची बोलणी कशाची सुरू होतात, हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे.

पालकांनो, 'किती टक्के पडले' हे आपण विचारतोच. या आठवड्यात एकदा 'तुझ्या सरांना तुझं नाव माहीत आहे का' एवढंच विचारून बघा. उत्तर कमेंटमध्ये टाका, कॉलेजचं नाव न घेता. पोरांनी इनबॉक्समध्ये लिहिलं तरी चालेल, नाव बाहेर जाणार नाही. आणि शिक्षकांनीही लिहा. तुमची बाजू पुढच्या पोस्टमध्ये मांडतो, एक शब्दही न कापता.