पणजीची वाळू आणि दोन भाषा

गेल्या नाताळाच्या सुटींत इंदिरानगरांतील आमचें सर्व बिऱ्हाड, म्हणजे थोरले दादा, वहिनी, आमचें कुटुंब, मुलें, सुना व नातवंडें मिळून अकरा माणसें, पणजीस जाऊन आलें. मांडवी समुद्रास मिळते तें मिरामारचें दृश्य गोदातीरच्या माणसांस नवलाचें खरें. परंतु सूर्यास्ताचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं आहेत, तीं येथें नकोत.

नगर लहान, पण नांदणूक मोठी. आदिलशाही वाड्यांतच पुढें पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिले; शेजारीं, कांदोळीस जन्मून पॅरिसांत संमोहनविद्येनें गाजलेल्या आबे फारिया पाद्र्याचा १९४५ सालचा पुतळा. टेकडीवरचें शुभ्र चर्च, १८१८ सालचें महालक्ष्मीचें देऊळ व जामा मशीद हीं एका फेरफटक्यांत पाहून होतात.

फोंतेन्यास मोहल्ल्याच्या रंगीत गल्लींत एका वृद्ध ख्रिस्ती बाईंस आम्हीं वाट विचारली. त्यांचें उत्तर ऐकून नात म्हणाली, "आजोबा, ही आपलीच मराठी ना?" दादा म्हणाले, "होय, बोलीच ती." बाई हंसून म्हणाल्या, "ना बाये, ही आमची कोंकणी."

सायंकाळीं मिरामारवर, भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीजवळ, दादांनीं तोच विषय काढला. गोमंतक महाराष्ट्रांत यावा ही बांदोडकरांची इच्छा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलांत ती सुमारें ३४ हजार मतांनीं हरली. "येथल्या देवळांतलें कीर्तन मराठी, नाटक मराठी, मग निराळें कशास?" असें दादांचें म्हणणें. तें खोटें नाहीं. परंतु ज्या भाषेचा वापर बंद व्हावा म्हणून १६८४ सालीं पोर्तुगीजांनीं हुकूम काढला, ती घराघरांत टिकवून धरणाऱ्यांस "तुमची ती बोली" म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. आम्हीं दादांस फादर स्टीफन्सचें उदाहरण दिलें. या इंग्रज जेझुइटानें दहा हजारांहून अधिक ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' मराठींत रचलें, तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. आणि त्यानेंच कोंकणीचें व्याकरणही लिहिलें, जें त्याच्या पश्चात् १६४० सालीं निघालें. परक्या देशच्या माणसास दोन भाषा दोन दिसल्या! १९८७ च्या कायद्यानें कोंकणी राजभाषा झाली व मराठीसही सरकारी कामांत स्थान राहिलें. दादा कांहीं बोलले नाहींत. वहिनींनीं मात्र भेळ वाटली, व वाद तेथेंच थांबला.

दुसरे दिवशीं बाजारांत मयड्याचीं केळीं दिसलीं. दादा पुढें होऊन, नातीकडून शिकलेल्या कोंकणींत म्हणाले, "हें कितल्याक?" केळेंवाली त्यांच्या धोतराकडे पाहून स्वच्छ मराठींत म्हणाली, "आजोबा, तुमच्यासाठीं भाव कमी करीन, पण डझनभर घ्यायला हवीं."