चिंचणीची हवा आणि मामांची पेटी

ओल आणि कोरड यांच्या बाबतीत मराठी भाषा मोठी चोखंदळ आहे. पापड सादळतो, भिंत पाझरते, पोथी सर्द होते, खोबरे वाळून खुळखुळू लागते, आणि पावसाळ्यात दोरीवरचे धोतर धड ओले नाही, धड वाळलेले नाही, असे आंबटओले राहते. हे शब्द मी वर्गात वीस वर्षे समजावून सांगत आलो आहे. पण हा आंबटओलेपणा मुद्दाम, हिशेबाने, पन्नास वर्षे राखून ठेवणारा गृहस्थ मी एकच पाहिला; आणि ते म्हणजे आमचे मामा.

मामा चिंचणीला राहत होते. गेल्या पौषात त्यांना पुण्याला घेऊन येण्याची कामगिरी माझ्यावर आली. वय शहाऐंशी, मामी जाऊन चार वर्षे झालेली, मुलगा पुण्यात. "बाबा तुझं ऐकतात," असे म्हणून मामेभावाने मला पुढे केले. ते माझे ऐकतात हे मला त्या दिवशी प्रथमच समजले.

दादरहून विरार आणि विरारहून डहाणूची लोकल. २०१३ साली ही लोकल सुरू झाली तेव्हापासून या बाजूचे येणेजाणे बरेच सोपे झाले आहे. भाईंदर सुटले की खाडी आणि मिठागरे दिसू लागतात. या मिठागरांकडे मी इतकी वर्षे काव्यदृष्टीने पाहत आलो होतो. त्यांचा मामांच्या पेटीशी काही संबंध असेल, अशी मला शंकाही नव्हती. पुढे वैतरणेचा पूल, सफाळे, केळवे रोड, आणि पालघर.

पालघरला उतरलो तो मामांच्या आज्ञेवरून. "येताना माहीमची पानं आण," असे त्यांनी फोनवर बजावले होते. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हापासून गावाला कचेऱ्या आल्या, इमारती आल्या आणि रिक्षांची गर्दी आली. पाचबत्तीपाशी मात्र पाय थोडा थबकतोच. १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथे गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. चौकातून घाईने जाणाऱ्या माणसांना हे ठाऊक असते. थांबायला वेळ नसतो, एवढेच.

माहीम म्हणजे मुंबईचे नव्हे, केळवे-माहीम. तिथे मामींचे माहेर. नारळी, पोफळी आणि केळी यांच्या सावलीत पानवेलीची वाडी. बाहेर पौषातले ऊन चटचटत असले तरी वाडीत पाऊल टाकताच गालाला गारवा लागतो. विड्याचे पान हे असल्या सावलीचे आणि ओलीचे लेकरू आहे. मामींचे धाकटे भाऊ खाली बसून पाने लावीत होते. पाने केळीच्या पानात गुंडाळायची, करंडीत रचायची, आणि रोज उलटून पाहायची. एक कुजके पान राहिले की शेजारच्या दहांना घेऊन जाते.

"पानाला तहान लागता नये, आणि आंघोळही घालता नये," ते म्हणाले. "ताईला बरोबर समजायचं. पाण्याचा हात झाडून मग फडकं पिळायची."

वाडी आता निम्मी राहिली आहे. मुलगा बोईसरला कारखान्यात लागला. वेलीला रोज माणूस लागतो आणि तो मिळत नाही. हे सांगताना त्यांचा हात थांबला नव्हता. पाने लावणे चालूच होते. दोनशे पानांचा पुडा त्यांनी मला दिला आणि पैसे घेतले नाहीत. "दाजी चालले ना," एवढेच म्हणाले.

तिथून सातपाटीला वाकडी वाट केली. सातपाटीची कीर्ती पापलेटची, पण मला वलांडीवरचे बोंबील पाहायचे होते. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूवर टांगलेले असतात. या माशाच्या अंगात शंभरातले ऐंशीहून अधिक भाग पाणीच. वारा आणि ऊन मिळून ते काढून नेतात, म्हणून तो पावसाळ्यासाठी टिकतो. वाळवणावर आभाळ आले की कोळणींची जी धावपळ उडते ती पाहावी! एका सरीने साऱ्या महिन्याची कमाई जाते. माहीमला ओल राखण्यासाठी जीव टाकायचा आणि दोन कोसांवर ओल घालवण्यासाठी. असा हा किनारा आहे.

बोईसरला संध्याकाळ झाली. स्टेशनाबाहेर औद्योगिक वसाहतीची पाळी सुटली होती. इथल्या हवेत ओलीखेरीज आणखीही बरेच काही असते, ते नाकाला लगेच कळते. त्यावर फार लिहीत नाही, कारण लिहिणारे लिहून थकले आहेत. रिक्षा तारापूरकडे निघाली की हळूहळू खारा वारा लागतो. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी १७३९ च्या जानेवारीत घेतला, आणि बाजी भिवराव रेठरेकर तिथे पडले. आज लोक तारापूर म्हणतात ते अणुकेंद्रासाठी. खाडीच्या अलीकडे तारापूर, पलीकडे चिंचणी.

मामा दारातच उभे होते.

"पानं आणलीस? दाखव." पुडा उघडून त्यांनी एक पान दोन बोटांत वाकवून पाहिले, मोडले नाही, तेव्हा समाधान पावले. "बस, मास्तर. चहा मी टाकतो. सामान बांधून झालंय. एक पेटी तेवढी हातात न्यायची आहे."

ती पेटी मला लहानपणापासून माहीत होती, पण आम्हां मुलांना तिला हात लावायची बंदी होती. तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकन कंपनीने बांधले आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी ते रीतसर सुरू झाले. मामा तेव्हा तीस वर्षांचे, नुकतेच लागलेले. परत जाणाऱ्या एका अमेरिकन इंजिनियराने त्यांना पंचवीस सिगारांची एक लाकडी पेटी भेट दिली. क्यूबाच्या मालावर अमेरिकेने १९६२ पासून बंदी घातलेली, तेव्हा या सिगारी क्यूबाच्या नसाव्यात. मामांना त्याचे सुखदुःख नव्हते. सहा त्यांनी ओढल्या. १९७३ च्या उन्हाळ्यात दहांना किडा लागला. तंबाखूचा हा भुंगा इतका बारीक की सिगारीला टाचणीने भोके पाडल्यासारखी दिसतात. उष्म्याने अंडी फुटतात. उरलेल्या नऊ मामींनी फडक्यात गुंडाळून शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या, तेव्हा वाचल्या. पुढे १९८४ साली डॉक्टरांनी धूम्रपान बंद करायला सांगितले आणि मामांनी त्याच दिवशी बंद केले. सिगारी मात्र राहिल्या.

"मग ठेवल्या कशाला?" मी विचारले.

"ठेवता येतात का ते पाहायला."

सिगार म्हणजे पानात गुंडाळलेली पाने. हवेतली सापेक्ष आर्द्रता पासष्ट ते सत्तर टक्के असली की ती लवचीक राहते. खाली गेली तर वरचे पान तडकते, वर गेली तर बुरशी धरते. चिंचणीला आषाढात हवा नव्वदीच्या घरात आणि पौषात जमिनीवरून वारा सुटला की दुपारी एकदम कोरडी. अशा गावी सिगार राखणे म्हणजे सातपाटीचे बोंबील आणि माहीमची पाने एकाच टोपलीत सांभाळण्यासारखे आहे.

पेटीचे लाकूड, मामा म्हणाले, ज्याला परदेशात स्पॅनिश सीडर म्हणतात ते. पण ते देवदारही नव्हे आणि स्पेनचेही नव्हे. ते अमेरिका खंडातले, आपल्या कडुनिंबाच्या कुळातले. त्याचा सख्खा भाऊबंद आपला तूण, आणि तुणीच्या फळ्यांच्याही सिगारपेट्या होत असत. ही पेटी मामांनी रबरी पट्टीच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती आणि पेटीशेजारी एक चिनीमातीची वाटी. वाटीत ओलसर पांढरा रवा.

"मीठ?" मी म्हणालो.

"मीठच, पण खायचं नव्हे. हे पोटॅशियम आयोडाइड. बोईसरला केमिकलच्या दुकानात मिळतं."

मग शिक्षकाला शिकवण्याची संधी मिळालेल्या माणसाच्या उत्साहाने त्यांनी मला सांगितले. मीठ पाण्यात इतके घालायचे की आणखी विरघळू नये, थोडे खडे तळाशी राहावेत. असा चिखल बंद डब्यात ठेवला की तो आतली हवा एका ठराविक आर्द्रतेवर आणून ठेवतो. हवा जास्त ओली झाली तर तो पाणी ओढून घेतो आणि थोडे खडे विरघळतात. कोरडी झाली तर पाणी सोडतो आणि खडे पुन्हा धरतात. प्रत्येक क्षाराचा आकडा वेगळा. खाण्याच्या मिठाचा पंचाहत्तर, आयोडाइडचा एकोणसत्तर. सिगारीला एकोणसत्तर मानवतो. त्यात देखभाल काय ती एवढीच: चिखल पातळ झाला की मीठ, सुकला की चमचाभर पाणी.

"म्हणून तुझ्या स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं. हवा पंचाहत्तरच्या वर गेली, एवढाच त्याचा अर्थ. आणि खडेमिठात मॅग्नेशियमचा क्षार राहून गेलेला असतो, तो त्याच्याही आधी पाणी ओढतो. म्हणून ते आधी पाझरतं. तुझ्या मामीला हे आकड्यावाचून कळायचं. बरणीत हात घालून सांगायची, आज पापड तळू नका."

मिठागरांचा संबंध हा असा निघाला. मामांची सारी नोकरी टर्बाइनच्या बाजूला गेली. तिथे जाणारी वाफ कोरडी हवी; तिच्याबरोबर पाण्याचे थेंब गेले तर पात्यांची झीज होते. ओल कोठे हवी आणि कोठे नको, याच्या पलीकडे त्या माणसाने आयुष्यात फारसा विचार केलेला नाही.

डब्याच्या झाकणात काचेआड एक काटा होता. मी वाकून पाहिले. काट्याला जोडलेला एक लांब केस वरच्या खिळ्यापासून खाली ताणून बसवला होता.

केसाचे आर्द्रतामापक सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात केले. केस ओलीने लांबतो, कोरड्याने आखडतो. पुऱ्या कोरड्यापासून पुऱ्या ओल्यापर्यंत शंभरात दोन-अडीच भाग, पण काटा हलवायला तेवढे पुरते. "पुस्तकात सोनेरी केस घ्या म्हणून लिहिलेलं," मामा म्हणाले, "चिंचणीत सोनेरी कोठून आणायचे? हिचा घेतला. खोबरेल काढायला तीनदा शिकेकाईने धुवावा लागला. ती म्हणाली, एका केसाला एवढं न्हाऊ घालता, मला कधी घातलंत का? त्र्याहत्तर साली बसवला. मिठावर पंचाहत्तरची खूण केली, आयोडाइडवर एकोणसत्तरची. वर्षातून एकदा पडताळून पाहतो. थोडा सरकतो, पण काम देतो."

मी काही बोललो नाही. त्यांनी काचेवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि डबा बंद केला.

रात्री जेवताना वाढवण बंदराचा विषय निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. शेजारचे कोळी अजून धास्तावलेले आहेत. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, ते मामांच्या डोळ्यांदेखत. "आम्ही आतले, ते बाहेरचे," ते म्हणाले. "वीज आम्ही केली आणि घरं त्यांची गेली. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही." एरवी आकड्याशिवाय न बोलणारा माणूस एवढे बोलून ताटावरून उठला.

सकाळी घराला कुलूप लावले. किल्ली शेजारी दिली. मामांनी मागे वळून पाहिले ते घराकडे नव्हे, अंगणातल्या दोरीकडे; तिच्यावर एक पंचा राहिला होता. मी आणायला गेलो. "राहू दे, आंबटओला आहे," म्हणाले.

वसई रोडला गाडी बदलून आम्ही पुण्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी पकडली. डबा मामांनी मांडीवर घेतला होता. नियमाने तो बंद ठेवायचा. पण कल्याण सोडल्यावर त्यांनी झाकण काढून उलटे धरले आणि काटा हवेवर ठेवला. मला वाटले, प्रयोग. कर्जतला काटा बासष्टावर होता. घाट चढून लोणावळ्याला पंचावन्नच्या खाली. तळेगाव गेले तेव्हा चाळीस. बाहेर शेते पिवळी पडली होती. समोरच्या बाकावरची एक मुलगी विचारू लागली, "आजोबा, हे घड्याळ उलटं का चालतंय?"

"आखडतोय," मामा म्हणाले, तिला की मला कोणास ठाऊक. मग त्यांनी झाकण लावले, रबरी पट्टी चारी बाजूंनी दाबून पाहिली आणि डब्यावर हात ठेवून स्वस्थ बसले.

घरी पोचल्यावर सुनेने पायांवर पाणी दिले, चहा विचारला. मामांनी माझ्या पिशवीतून पानांचा पुडा काढून तिच्या हातात दिला.

"हा ओल्या फडक्यात गुंडाळ. फडकं पिळून घे, घट्ट. आणि मला चमचाभर पाणी आण, प्यायला नको."