घराचा भाव आणि घराचा हप्ता



नामपूरमधल्या आपल्या बऱ्याच घरांत सध्या एकच विषय चालू आहे. मुले नाशिकला नोकरीला लागली, आता तिथे घर घ्यायचे. मग त्यासाठी गावचे घर विकायचे का?

आमच्याकडेही हीच चर्चा चार महिने चालली. मुलगा अंबडच्या कारखान्यात आहे. त्याला आणि सूनबाईला गंगापूर रोडला फ्लॅट हवा होता. "आई, तिथला भाव वाढतच जाणार," असे त्याचे म्हणणे. पैसे कमी पडत होते, म्हणून हे घर विकायची गोष्ट निघाली. सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. मंदिर चार पावलांवर आहे म्हणून त्यांचे रोजचे दर्शन होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस जेवण कमी झाले.

मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. १ एप्रिल २०२५ पासून सरकारने रेडी रेकनरचे दर वाढवले. नाशिक महापालिका हद्दीत वाढ ७.३१ टक्के, तर राज्याच्या ग्रामीण भागात सरासरी ३.३६ टक्के. गावचे घर एकदा विकले की त्याच पैशात शहरात पुन्हा तेवढी जागा मिळत नाही, हेही त्यातच आले.

बी.कॉम.ला शिकलेले व्याज अजून लक्षात आहे. वही घेऊन बसले. समजा, एका भागात ७०० चौरस फुटांचे घर पाच हजारांच्या दराने ३५ लाखांना आणि दुसऱ्या भागात सात हजारांच्या दराने ४९ लाखांना. फरक १४ लाखांचा. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचे कर्ज काढले, तर या फरकाचाच हप्ता महिना बारा हजारांवर जातो. भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला तरी व्याज साडेआठ टक्के चालूच. कर्ज काढून अशी वाढ विकत घेण्यात तोटाच आहे.

बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटीही लागतो. नाशिकमध्ये ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या घराला १ टक्का, त्यापुढे ५ टक्के. म्हणजे एकीकडे ३५ हजार आणि दुसरीकडे दोन लाख ४५ हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला हा कर नाही.

आणखी एक. दोन्ही घरांचे भाव सहा टक्क्यांनी वाढले, तर बारा वर्षांत दुप्पट होतात. ३५ चे ७० होतात, पण ४९ चे ९८ होतात. राहत्या घराचा भाव वाढला म्हणून किराणा येत नाही, आणि चांगल्या भागात जायचे म्हटले तर मधला फरकही दुप्पट झालेला असतो. म्हणून जिथे वीस वर्षे सुखाने राहता येईल, तिथेच घर बघावे.

माझे मन म्हसरूळकडे ओढत होते. गजपंथा तिथेच, आणि नदीपलीकडचे म्हसरूळ-मखमलाबाद बजेटात बसत होते. पण तिथून अंबड म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुलगा सूर्यास्ताआधी घरी पोहोचणार कधी आणि जेवणार कधी? शेवटी अंबडजवळ पाथर्डी फाट्याला तयार इमारतीतला फ्लॅट ठरला. गावचे घर राहिले. आमच्या ठेवीतून झेपेल तेवढी मदत केली.

खरेदीखत एकट्या सूनबाईच्या नावाने केले. राहते घर फक्त स्त्रीच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, पतीचे नाव जोडले की नाही. मुलाने आधी तोंड वाकडे केले, मग पैसे वाचलेले बघून हसला.

परिग्रह-परिमाण व्रतात पहिली जोडी क्षेत्र आणि वास्तू यांची आहे. शेत-जमीन आणि घर, दोन्हींची मर्यादा आधी ठरवायची. आपण मात्र आधी फ्लॅट बघतो आणि मग बँक जेवढे कर्ज देईल तीच मर्यादा धरतो. तुमच्याकडे घर बघणे चालू असेल तर सुनेला, लेकीला जवळ बसवा आणि पहिल्या पानावर हप्त्याचा आकडा लिहा. भाग कुठला ते त्यानंतर बघा.

जय जिनेंद्र.